फिनेल, ॲसिड आणि घरातले पक्षी: आधी पिंजरा हलवा

वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका वाडीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. घर जुनं, कौलारू. मागे दोन खोल्या स्लॅबच्या. मुलीने हौसेने आणलेले दोन बजरीगर आणि एक कॉकटेल (कॉकाटील) असे छोट्या पोपटांच्या जातीचे पक्षी आहेत. एरवी पिंजरा पडवीत असतो, पण पावसाची झड आत येते म्हणून आषाढापासून तो माजघरात घेतला आहे. सासूबाई दिवसातून दोनदा काळं फिनेल टाकून लादी पुसतात. गेल्या आठवड्यात यजमानांनी न्हाणीतले तांबडे डाग काढायला ॲसिड ओतलं आणि वर विहिरीसाठी आणलेली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर भुरभुरली. थोड्याच वेळात कॉकटेल चोच उघडी टाकून श्वास घेऊ लागला, शेपूट खालीवर हलू लागली. त्याला खळ्यात नेल्यावर तासाभराने तो सावरला. आता चतुर्थी तोंडावर आली आहे. भिंतींना बुरशी आहे, रंग द्यायचा आहे, मुंबईची माणसं येणार आहेत. बहीण सांगते फक्त व्हिनेगर आणि सोडा वापर. पण त्याने काही निघत नाही. ताई विचारतात, काय वापरू? आणि शेवटची ओळ अशी, “नाहीतर पक्षी कुणाला देऊन टाकू का?”

ताई, नमस्कार.

पक्षी देऊ नका. तुम्ही त्याला उचलून खळ्यात नेलंत, तेच त्या घडीला सर्वांत योग्य होतं. पण न्हाणीत काय झालं ते आधी सांगते, कारण धोका तुमच्या घरातल्या माणसांनाही होता. लादीचं ॲसिड आणि टॉयलेट क्लीनर यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. टीसीएल किंवा ब्लीचिंग पावडर त्यात पडली की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेच्या साधारण अडीच पट जड, त्यामुळे वर न जाता जमिनीलगत पसरतो. न्हाणीतून उंबरठ्यावरून माजघरात, आणि पिंजरा खाली टेकवलेला असेल तर थेट त्याच्यापर्यंत. यजमानांना सांगा की या दोन वस्तू एका दिवशी, एका जागी कधीच नकोत. “आधीचं धुऊन टाकलं होतं” असं म्हणूनही नकोत. ब्लीचमध्ये अमोनिया असलेलं काही मिसळलं तरी असाच विषारी वायू होतो. आणि बहिणीच्या सल्ल्यातलं व्हिनेगरसुद्धा आम्लच आहे. व्हिनेगर किंवा लिंबू ब्लीचमध्ये गेलं तर तिथेही क्लोरीनच सुटतो. वस्तू नैसर्गिक आहे म्हणून हे टळत नाही.

कॉकटेल सावरला असला तरी असा वायू फुप्फुसात गेल्यावर त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो. असं पुढे कधी झालं तर पक्षी हुशार दिसला तरी एक-दोन दिवस नजर ठेवा. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, श्वासाबरोबर शेपूट हलणं, आवाज बदलणं किंवा बंद होणं, यातलं एकही दिसलं तर डॉक्टर गाठायचा. आजारी पक्षी शेवटपर्यंत आजार लपवतो, म्हणून उद्या बघू असं म्हणायला वाव नसतो. तोवर स्वच्छ हवा, ऊब आणि शांतता एवढंच द्या. तोंडात दूध, तेल, पाणी काही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. गुरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत. तुमच्या भागात कोण बघतात ते आजच विचारून नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

आता मुळातली गोष्ट. आपल्याला जो वास नुसता उग्र वाटतो, त्याने पक्षी का कोसळतो? त्याची फुप्फुसं आपल्यासारखी फुगत-आकसत नाहीत. अंगात पसरलेल्या हवेच्या पिशव्या, बहुतेक पक्ष्यांत नऊ, भात्यासारखं काम करतात आणि ताजी हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहत ठेवतात, श्वास घेताना आणि सोडतानाही. उडायला लागणारा भरपूर प्राणवायू असाच मिळतो. पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच भरभर रक्तात उतरतं, आणि बजरीगरचं सगळं वजन ३०-४० ग्रॅम. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत विषारी वायूचा अंदाज घ्यायला कॅनरी पक्षी नेत असत, ते थेट १९८६ पर्यंत, ते याचमुळे. माणसाला कळायच्या आत पक्षी कोलमडायचा.

त्यामुळे बाजारात कुठली बाटली “सुरक्षित” मिळते हा प्रश्न माझ्या मते दुसरा. पहिला प्रश्न, झाकण उघडताना पिंजरा कुठे आहे? साधा साबणसुद्धा फवारून हवेत तरंगत राहिला तर पक्ष्याला बाधतो, आणि कडक ब्लीचसुद्धा पिंजरा दूर असताना वापरून, धुऊन, वाळवून टाकलं तर बाधत नाही. बाटलीवर सगळे घटक लिहिलेले असतीलच असं नाही. “हर्बल”, “नॅचरल”, “फ्रेश” या शब्दांवर विसंबू नका. निलगिरी, पाइन, सिट्रोनेला, कापूर ही सगळी झाडांपासूनच येतात, आणि बंद खोलीत त्यांची वाफ पक्ष्याला सोसत नाही.

म्हणून एक सवय लावून घ्या. आधी पक्षी हलवायचे, मग बादली भरायची. ज्या खोलीत काम चालू आहे तिथून दोन दारं पलीकडे, मधली दारं लावून. काम झाल्यावर लादी पूर्ण कोरडी होऊ द्या, खिडकी उघडा, पंखा लावा. नंतरही वास गेला की नाही हे स्वतः ठरवू नका. तासभर त्याच हवेत असलेल्या नाकाला वास जाणवेनासा होतो. बाहेरून आलेल्या कुणाला तरी, शाळेतून आलेल्या मुलीलाच, दारातून आत येऊन सांगायला लावा. तिला वास आला तर पिंजरा अजून परत आणायचा नाही.

आपल्याकडे हे पावसात फार महत्त्वाचं. डोंगराच्या आडोशाला, माडांच्या सावलीतली घरं, जून ते सप्टेंबर खिडक्या झडीमुळे बंद. कौलांच्या फटींतून जुन्या माजघरात थोडी तरी हवा खेळते. तुमच्या स्लॅबच्या खोल्यांत तीही नाही. उन्हाळ्यात निभावलेलं फिनेल श्रावणात जड जातं ते म्हणून. जमलं तर पिंजरा पडवीतच परत न्या. झडीच्या बाजूला ताडपत्री बांधा, दुसरी बाजू मोकळी सोडा, आणि जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर टांगा. थेट वारा आणि पाऊस लागला नाही तर हे पक्षी तिथे माजघरापेक्षा सुखी राहतील.

सासूबाईंच्या फिनेलबद्दल. काळ्या फिनेलमध्ये डांबरापासून काढलेली फिनॉल जातीची द्रव्यं असतात. पांढऱ्यात बहुधा पाइन तेल असतं, ते तुलनेने सौम्य, पण वास भरून राहतोच. काळं फिनेल नुसतं नाकावाटे जात नाही. पक्षी बाहेर सोडला आणि ओल्या लादीवर चालला तर पायांच्या कातडीतून आत जातं, आणि पिसं चोचीने विंचरताना पोटात. घरात काळं फिनेल बंद करा, हे मी ठामपणे सांगते.

पण त्या ते का टाकतात हेही विचारा. आपल्याकडे पावसात दाराशी फिनेल टाकतात ते स्वच्छतेपेक्षा साप, गोम आत येऊ नये म्हणून. ती भीती खोटी नाही, रात्री मागीलदारी पाय टाकणाऱ्या बाईला ती असणारच. पण फिनेलने साप अडत नाही. सापाला घराकडे आणतो तो उंदीर, आणि उंदराला आणतात सांडलेले दाणे, त्यात तुमच्या पक्ष्यांचे राळेही आले. पिंजऱ्याखालचे दाणे रोज संध्याकाळी गोळा करा, भिंतीलगतची लाकडं आणि चिऱ्यांचा ढीग हलवा, न्हाणीच्या मोरीला जाळी बसवा. हे तुम्ही स्वतः करून दाखवलंत तर सासूबाई फिनेल सोडतील. मागच्या गटाराशी, घरापासून लांब, थोडं टाकायचं असेल तर टाकू द्या. त्यावरून घरात वाद नको.

मग लादी कशाने पुसायची? रोजच्याला गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब पुरतात. रिठ्याचं पाणीही चालतं, फक्त पावसात ते लवकर आंबतं, त्यामुळे रोज ताजं करा. व्हिनेगर म्हणजे पाण्यात ४-५ टक्के ॲसिटिक आम्ल; तितकंच पाणी घालून क्षारांचे पांढरे डाग, नळ, काचा यांना छान. सोडा चिकट ओट्याला चांगला. बहिणीने सांगितलेलं निघत नाही त्याचं कारण बहुधा दोन्ही एकत्र ओतले जातात. फेस येतो, पण त्या फेसात आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात आणि हातात जवळजवळ खारं पाणी उरतं. आज सोडा, तो धुऊन मग व्हिनेगर, असं वेगवेगळं वापरा. आणि तुमच्या न्हाणीतले तांबडे डाग लोखंडाचे असतील तर लिंबू-मीठ रात्रभर लावून ठेवा. वेळ जास्त लागेल, पण ॲसिडची बाटली घरात ठेवावी लागणार नाही.

बुरशीला मात्र व्हिनेगर कमी पडतं, आणि ती ठेवून चालणारही नाही. पक्ष्यांना ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचा श्वासाचा आजार होतो, तो एकदा जडला की बरा व्हायला फार कठीण. म्हणजे विषाच्या भीतीने सफाई सोडली तर दमट हवेत दुसऱ्या बाजूने नुकसान. केमिस्टकडे हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, बहुधा ६ टक्क्यांचं. त्यात तितकंच पाणी घाला. फवारू नका, फडक्याने भिंतीला लावा, दहा-पंधरा मिनिटांनी पुसून घ्या. त्याचं शेवटी पाणी आणि प्राणवायूच होतो. रंगाचा फिका डाग पडू शकतो, म्हणून आधी कोपऱ्यात लावून बघा, आणि हातमोजे घाला. बुरशी कोरडी खरवडू नका. कोरडी खरवडली की तिचे कण हवेत उधळतात आणि पिंजऱ्यापर्यंत जातात. राळे, बाजरीही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दाण्यांना कुबट वास आला की सगळे फेकून द्या, पाखडून परत वापरू नका.

पिंजऱ्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण तिथे चूक सहज होते. ट्रेमध्ये वर्तमानपत्र घाला, रोज बदला. वाळलेली विष्ठा कोरडी खरडू नका. त्या धुळीतून माणसालाही फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. आधी गरम पाणी शिंपडून भिजू द्या. मग पक्षी दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवून नारळाच्या शेंडीने आणि साबणाने जाळी घासा, विशेषतः गजांचे जोड, जिथे दाण्यांचा चिकटा बसतो. महिन्यातून एखाद्या वेळी जंतुनाशक हवंच असेल तर मागच्या अंगणात, बाटलीतल्या द्रव ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग, दहा मिनिटं, मग भरपूर पाण्याने धुवा. पण हे घासून झाल्यावरच. घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीतच संपतं. ऊन नसेल तर फडक्याने टिपून पंख्याखाली पूर्ण वाळवा. लाकडी दांड्या आतून लवकर वाळत नाहीत, त्या बदलणंच बरं. पेरूची किंवा जास्वंदीची ताजी फांदी धुऊन लावा. कण्हेर विषारी, आणि काजूचा चीक पोळतो, या दोन्ही नकोत.

खाऱ्या वाऱ्याने जस्ताच्या जाळीवर पांढरी भुकटी धरते. पक्षी गज चावतात, आणि ते जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. नवा पिंजरा आणला की व्हिनेगर आणि ताठ ब्रशने घासून, धुऊन, मगच वापरा. पुढेही भुकटी दिसली की तेच. गंज धरलेला पिंजरा ऑइल पेंटने रंगवू नका, तो रंगही चावला जातो. कॉकटेलच्या पिसांतून पांढरी भुकटी कायम झडते, तिला घाबरू नका, ती त्याची स्वतःची आहे. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने टिपा. आणि ग्रामपंचायतीने विहिरीत टीसीएल टाकली की एक-दोन दिवस पक्ष्यांचं पाणी रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवून मग द्या, वास उडून जातो.

आता चतुर्थीचं. रंग पाण्यात मिसळणारा, कमी वासाचा घ्या. ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन या वर्षी नको. त्याचा वास पावसात कित्येक दिवस जात नाही. रंग कुठलाही असो, त्या दिवसांत पिंजरा शेजारी, जावेच्या नाहीतर मुलीच्या मैत्रिणीच्या घरी पाठवा. समया, निरांजनं बाटलीतल्या पॉलिशने घासू नका, अशा काही पॉलिशांत अमोनिया आणि रॉकेलसारखं द्रव असतं. आपल्याकडे आमसुलं आहेत, चिंच आहे. भिजवलेलं आमसूल मिठाबरोबर चोळा, पितळ लखलखीत निघतं. कपाटातल्या डांबरगोळ्या तर काढूनच टाका. त्या कपड्यांतून सगळ्या खोलीत विरत राहतात.

आणखी एक, जे साफसफाईत मोडत नाही पण पक्षी यानेही अचानक जातात. मुंबईहून कुणी घावण्यांसाठी नॉनस्टिक तवा आणला असेल तर तो परत बांधून ठेवा. त्याच्यावरचा लेप साधारण २६० अंशांच्या वर तापला की विषारी वाफ सोडतो, आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा काही मिनिटांतच तिथे पोचतो. आपल्याला वास येतोच असं नाही. पलीकडच्या खोलीतला पक्षीही काही मिनिटांत मरू शकतो, आणि त्यावर उपाय नाही. पाहुणे घरात, एक बाई वाढतेय, दुसरी तवा गॅसवर ठेवून विसरली, असंच होतं ते. घावणे बिडाच्या तव्यावरच घाला. इस्त्रीच्या तळालाही कधी हाच लेप असतो.

डासांसाठी कॉइल, मशीन, फवारा यांपैकी काहीही पिंजऱ्याच्या खोलीत नको. पिंजऱ्यावर पातळ सुती मच्छरदाणी टाका. ती गजांपासून चार बोटं दूर राहील अशी ताणून बांधा, नाहीतर पक्षी चोचीने धागे ओढतात आणि पायात गुरफटतात. आरतीच्या वेळी कापूर, धूप, अगरबत्ती पेटणारच आणि पेटायलाच हव्यात. तेवढा वेळ पिंजरा पडवीत. रात्री भजनं उशिरापर्यंत चालली तर तिथेच राहू द्या, वरून सुती चादर टाकून, म्हणजे त्यांना झोप मिळेल. पिंजरा आत-बाहेर करायचं काम मुलीकडे द्या. हे पक्षी तिने आणले आहेत, आणि पाहुण्यांच्या गडबडीत तुमच्यापेक्षा तिलाच हे लक्षात राहील. पाहुण्यांनाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की सेंटचा स्प्रे खोलीत नाही, खळ्यात मारायचा.